जमीन तीच, उतारा चुकीचा: मोहाच्या यीस्टमधली जीनची नोंद दुरुस्त करताना

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमधलं आहे आणि मी त्यात होते, म्हणजे ज्या कागदावर सही पाहिजे होती ती सही माझीच होती. कॉलेजचं, गावाचं, मुलांचं नाव देत नाही. जीनोम वगैरे शब्दांनी दचकू नका, ज्याने कधी सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला तलाठी ऑफिसला चकरा मारल्यात त्याला हे सगळं पटकन कळेल. जमीन आहे तिथेच असते, बांध हलत नाही, पण उताऱ्यावर क्षेत्र चुकीचं पडलं की पुढे कर्ज, वाटणी, विक्री सगळं त्या चुकीवर चालतं. जीनोमचंही असंच आहे. डीएनएचा अनुक्रम म्हणजे जमीन, आणि अ‍ॅनोटेशन म्हणजे त्यावर कुणीतरी लिहून ठेवलेलं की इथून इथपर्यंत अमुक जीन.

पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्याला मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, पहाटे बाया टोपल्या घेऊन वेचायला जातात. आमच्या एका एमएस्सीच्या मुलाने, त्याला सगळे दादा म्हणायचे, चोपड्याकडच्या एका पाड्यावरून भिजत घातलेल्या मोहाच्या मडक्यातला नमुना आणला होता. त्यातून वायपीडी प्लेटवर (यीस्टचं खाद्य घातलेल्या ताटलीवर) यीस्ट वेगळं केलं, ओळख पटवली, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी निघालं, म्हणजे पाव आणि दारूचं जे यीस्ट तेच, पण जंगलातलं. विद्यापीठाच्या छोट्या प्रोजेक्टमधून पैसे मिळाले, नमुना बाहेर सिक्वेन्सिंगला पाठवला, छोटे छोटे तुकडे आले, ते जोडून दादाने जीनोम उभा केला, अ‍ॅनोटेशन केलं आणि अ‍ॅनोटेशनसकट जेनबँकला, म्हणजे जगभरच्या डीएनए अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्याला, जमा केलं. अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक, आला त्या दिवशी पूर्ण डिपार्टमेंटला शेवभाजी खाऊ घातली होती त्याने.

आता यीस्टबद्दल दोन गोष्टी सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं लागणार नाही. यीस्टचा जीनोम १९९६ साली पूर्ण वाचला गेला, केंद्रक असलेल्या जिवांमधला पहिलाच, १६ क्रोमोसोम, सुमारे १.२ कोटी अक्षरं, सहा हजारांच्या आसपास जीन. ज्या जातीचा वाचला तिचं नाव एस२८८सी, आणि तिचं मूळ बघायला गेलं तर बहुतांश कॅलिफोर्नियात १९३८ साली एका सडलेल्या अंजिरावरून घेतलेल्या यीस्टमध्ये सापडतं. म्हणजे जगभराचा संदर्भही एका सडक्या फळातूनच आलाय, आमचा मोह काही कमी प्रतीचा नाही हे मी मुलांना दरवर्षी सांगते. दुसरी गोष्ट, १९९६ला जीन मोजताना ढोबळ नियम असा होता की सलग १०० किंवा जास्त कोडॉन (तीन-तीन अक्षरांचे शब्द, एकेक शब्द प्रथिनातल्या एका अमिनो आम्लासाठी) मधे स्टॉप, म्हणजे ‘इथे थांब’ असा शब्द, न येता वाचता आले तर तो संभाव्य जीन. त्या नियमाने बरेच खोटे जीन आत आले आणि बरेच लहान खरे जीन बाहेर राहिले. २००३ साली जवळच्या तीन प्रजातींचे जीनोम शेजारी ठेवून बघितल्यावर सुमारे ५०० जीन खोटे असावेत असं पुढे आलं, कारण खरा जीन असता तर लाखो वर्षांत तो शेजाऱ्यांतही टिकला असता. स्टॅनफर्डची एसजीडी नावाची डेटाबेस आहे, ती अशा जीनना आजही ‘ड्युबियस’, म्हणजे संशयास्पद, म्हणून वेगळ्या खान्यात ठेवते, फेकून देत नाही. संदर्भाचीसुद्धा दुरुस्ती चालूच असते, २०११ला तर पूर्ण अनुक्रमच नव्याने वाचून सुधारला.

अडचण कुठे निघाली

दादा पास होऊन पुण्याला नोकरीला लागला. दोन वर्षांनी त्याच यीस्टवर अमळनेरकडची एक मुलगी काम करू लागली. तिला बघायचं होतं की ४० अंशाला, वर दारूचा ताण असताना, कोणते जीन जास्त चालतात. तुलनेला स्थिर जीन लागतो, तो म्हणून अ‍ॅक्टिन घ्यायचं ठरलं, पेशीचा सांगाडा घडवणारं प्रथिन, त्याचा जीन एसीटी१. प्रायमर, म्हणजे तो जीन पकडायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, बनवायला तिने जेनबँकमधून आमचीच नोंद काढली आणि दुपारी चारला माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. घाबरली की ती अहिराणीत बोलते. म्हणाली, “मॅडम, हाई चुकेल शे. अ‍ॅक्टिन ३७५चं पाहिजे, आपलं ३६०चं शे.”

मी आधी म्हटलं असेल काही फरक जंगली जातीत. पण अ‍ॅक्टिन असं बदलत नाही, यीस्टपासून माणसापर्यंत ते जवळपास तसंच राहिलंय, आणि ३७५ अमिनो आम्लांपैकी सुरुवातीचीच नेमकी १५ गायब, बाकी सगळं अक्षर न् अक्षर जुळतंय. मग आम्ही तो भाग प्रिंट काढून पेनने खुणा करत बसलो.

अ‍ॅक्टिनच्या जीनचा पहिला तुकडा फक्त दहा अक्षरांचा असतो: एटीजी जीएटी टीसीटी आणि मग एकटा जी. त्यानंतर तीनशेहून थोडी जास्त अक्षरं इंट्रॉन, म्हणजे आरएनए (जीनची कामापुरती नक्कल) बनल्यावर कापून टाकायचा भाग, आणि मग उरलेला सगळा जीन. तो एकटा जी इंट्रॉनच्या पलीकडच्या एजीला जाऊन चिकटतो तेव्हा चौथा कोडॉन पूर्ण होतो. हे ज्याला माहीत नाही अशा टूलने सरळ वाचत गेलं तर सातव्या कोडॉनलाच टीएजी येतो, स्टॉप. मग टूल म्हणतं सहा अमिनो आम्लांचा जीन कुठे असतो का, सोडून दे. पलीकडून उलटं येत गेलं तर इंट्रॉनच्या शेवटाजवळ टीएसीटीएएसी ही खूण आहे, यीस्टच्या इंट्रॉनची ओळखच ती, आणि तिच्यातला टीएए त्याच चौकटीत (तीन-तीन अक्षरांच्या त्याच गटवारीत) स्टॉप म्हणून उभा आहे. त्याच्या पुढे पहिला एटीजी सापडतो तो खऱ्या प्रथिनातल्या १६व्या जागेवरचा. तिथून सुरुवात धरली की बरोब्बर ३६०.

म्हणजे दादाने वापरलेल्या टूलला इंट्रॉन ही गोष्टच माहीत नव्हती. ते बॅक्टेरियासाठी ठीक आहे, यीस्टसाठी नाही.

चूक एका जीनपुरती नव्हती

यीस्टमध्ये इंट्रॉनवाले जीन थोडे, शंभरात पाचच्या आसपास, म्हणून माणसाला वाटतं जाऊ द्या. पण ते कोणते आहेत ते बघा, रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिनं जोडणाऱ्या यंत्राची, प्रथिनं बनवणाऱ्या १३७ जीनपैकी सुमारे शंभरांत इंट्रॉन आहे. पेशी सगळ्यात जास्त जे छापते तेच आमच्या नोंदीत तुटलेलं होतं. त्या मुलीने आठवडाभर बसून यादी केली आणि तीन प्रकारच्या गडबडी निघाल्या. एक म्हणजे इंट्रॉन न धरल्यामुळे तोकडे झालेले जीन. दुसरं, तोच १०० कोडॉनचा नियम लावल्यामुळे खऱ्या जीनच्या अंगावर, उलट्या धाग्यावर पडलेले खोटे जीन, जसं एकाच गटावर दोघांची नावं चढावीत तसं. आणि तिसरं, मधेच तुटून दोन झालेले जीन.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की जमा करताना एनसीबीआयची, म्हणजे जेनबँक चालवणाऱ्या संस्थेची, तपासणी यातल्या कशालाच अडली नव्हती. अडणार कशी? एटीजीने सुरू होतो, स्टॉपने संपतो, मधे स्टॉप नाही, व्याकरण शुद्ध आहे. तपासणी वाक्य बरोबर आहे का एवढं बघते, ते खरं आहे का हे बघायचं काम जमा करणाऱ्याचं, म्हणजे दादाचं आणि त्याच्यावर सही करणारीचं.

समोर काय पर्याय होते

चार दिवस आम्ही यावर बोललो, डिपार्टमेंटमधल्या एका सरांनाही बसवलं.

सरांचं म्हणणं होतं, नोंदीला हात लावू नका, थिसिसमध्ये एक परिच्छेद लिहा की नोंदीत अशा त्रुटी आहेत आणि आम्ही दुरुस्त यादी वापरली. मुलीचं सबमिशन जवळ आलेलं, वेळ वाचला असता. पण थिसिस कपाटात राहतो आणि नोंद जगभर फिरते, जेनबँकमधलं भाषांतर आपोआप दुसऱ्या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये जातं, उद्या कुणीतरी आमच्या तोकड्या अ‍ॅक्टिनवरून तिसऱ्या यीस्टचं अ‍ॅनोटेशन करेल आणि मग ‘दोन ठिकाणी असंच आहे’ हा पुरावा होऊन बसेल. त्यामुळे हा पर्याय मला मान्य नव्हता.

दुसरा पर्याय, अ‍ॅनोटेशन पूर्ण काढून टाकायचं आणि नुसता अनुक्रम ठेवायचा. हा प्रामाणिक होता, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी दादाने एवढंच जमा केलं असतं तरी चाललं असतं, अ‍ॅनोटेशन देणं सक्तीचं नसतंच. तिसरा, जे सापडले तेवढेच जीन हाताने सुधारायचे. चौथा, एस२८८सीच्या सुधारलेल्या नोंदी आमच्या जीनोमवर जुळवून उतरवायच्या, लिफ्टओव्हर म्हणतात तसं, आणि जिथे जुनं-नवं जुळत नाही तिथे माणसाने बघायचं.

चौथ्यात एक धोका होता आणि तो त्या मुलीनेच दाखवला, मला त्याचं फार कौतुक वाटलं. संदर्भावरून उतरवलं तर जे संदर्भात नाही ते येणारच नाही. २०१८ला १,०११ यीस्टचे जीनोम एकत्र बघितले गेले तेव्हा सगळ्यांत असणारे जीन ४,९४० निघाले आणि काहींतच असणारे २,८५६. मोहाच्या यीस्टमध्ये जे वेगळं असेल, ज्याच्यासाठी आपण ते आणलं, तेच पुसलं जाईल. म्हणून ठरलं असं की चौथाच घ्यायचा पण आपल्या जुन्या यादीतलं जे संदर्भाशी जुळत नाही ते डोळे मिटून काढायचं नाही, एकेक बघायचं.

पुण्याला फोन

सगळं ठरलं आणि मग लक्षात आलं की नोंद बदलायचा हक्कच आमच्याकडे नाही. जेनबँकची नोंद ज्याने जमा केली त्याचीच असते, दुसरा कुणी ती परस्पर बदलू शकत नाही, आणि दादाने ती स्वतःच्या खाजगी ईमेलवरून जमा केलेली.

पहिला फोन मी चुकीचा केला. मी सरळ म्हटलं, “अरे तुझ्या अ‍ॅनोटेशनमध्ये चुका निघाल्यात, बदलायला लागेल.” तो गप्पच झाला, मग म्हणाला, “मॅडम, तेव्हा तुम्हीच तर बघितलं होतं.” आणि ते खरं होतं. त्याने पहिल्या नोकरीच्या अर्जात त्या नोंदीचा नंबर लिहिलेला, त्याला वाटलं आता सगळं खोटं ठरणार. आठ दिवस त्याचं काही उत्तर नाही.

दुसऱ्यांदा त्या मुलीला शेजारी बसवून व्हिडिओ कॉल केला, चूक हा शब्द न काढता आधी तो दहा अक्षरांचा तुकडा दाखवला. तो बघत राहिला आणि मग स्वतःच म्हणाला, अरे हो, इंट्रॉन. मी त्याला सांगितलं की अनुक्रम तुझा बरोबर आहे, जमीन बरोबर मोजलीस, उतारा माझ्या देखरेखीत चुकला, बदलाच्या पत्रावर माझं नाव पहिलं जाईल. त्यानंतर तो आमच्यापेक्षा जास्त जागला या कामाला.

प्रत्यक्ष काय केलं

कागदावरचं जुळलं तरी मला डोळ्याने बघायचं होतं. अ‍ॅक्टिनसाठी एक प्रायमर एटीजीच्या थोडा आधी आणि दुसरा मोठ्या तुकड्यात घेतला. डीएनएवर पीसीआर (दोन प्रायमरमधल्या भागाच्या भरपूर प्रती काढणं) केला तर इंट्रॉनसकट लांब पट्टा यायला पाहिजे, आरएनएवरून बनवलेल्या सीडीएनएवर केला तर तीनशेने आखूड. एवढं सोपं, पण मे महिना, बाहेर ४४-४५ अंश, दुपारी लाईट जायची, आणि आरएनए गरमीत टिकत नाही. पहिल्या दोन वेळा नुसता फराटा आला. तिसऱ्या वेळी पहाटे साडेपाचला आलो, थर्माकोलच्या खोक्यात आदल्या रात्री रसवंतीवाल्या भाऊंकडून आणलेला बर्फ, त्यात ट्यूबचा स्टँड, आणि नऊच्या आत काम उरकलं. जेलवर दोन पट्टे वेगवेगळ्या उंचीवर दिसले तेव्हा ती मुलगी काही बोललीच नाही, फक्त फोटो काढून दादाला पाठवला.

दोन रायबोसोमच्या जीनवर तसंच केलं. बाकीच्यांना प्रयोग शक्य नव्हता, तिथे इंट्रॉनची सुरुवात जीटीएटीजीटी, शेवटाकडे टीएसीटीएएसी, आणि संदर्भाशी जुळणारी चौकट, एवढं तिन्ही असेल तरच बदल केला आणि नोंदीत स्पष्ट लिहिलं की हा अंदाज जुळवणीवरून आहे, प्रयोगावरून नाही. यावर आमचा एक वाद झाला, सर म्हणाले असं लिहिलं तर काम कच्चं दिसतं. पण पुढच्या माणसाला आमचं काम पक्कं दिसण्यापेक्षा आम्हाला काय माहीत आहे हे कळणं जास्त उपयोगाचं, म्हणून ते तसंच ठेवलं.

लोकस टॅग, म्हणजे प्रत्येक जीनचा आमच्या नोंदीतला नंबर, सुधारलेल्या जीनला जुनाच ठेवला, काढलेल्याचा नंबर परत कुणालाच दिला नाही. गट नंबर जसे फिरवून वापरत नाहीत तसंच हे.

जिथे आम्ही चुकता चुकता थांबलो

तिसऱ्या प्रकारातले, म्हणजे मधे तुटलेले जीन, आम्हाला सगळ्यात सोपे वाटले होते. सिक्वेन्सिंगमध्ये एखादं अक्षर पडलं असेल, चौकट सरकली, जीन तुटला, जोडून टाका. मुलीने जोडायला घेतलेच होते. त्यात एक एबीपी१४० होता. त्या जागी मूळ कच्चे तुकडे उघडून बघितले तर एकही अक्षर पडलेलं नव्हतं, सगळे तुकडे एकमताने तेच सांगत होते.

मग एसजीडीवर बघितलं तेव्हा कळलं की हा जीन खरोखरच तसा आहे. रायबोसोम वाचता वाचता त्या जागेवर एक अक्षर मुद्दाम पुढे सरकतो आणि दुसऱ्या चौकटीत वाचन चालू ठेवतो. टीवाय१ नावाच्या उड्या मारणाऱ्या जीनमध्ये हेच होतं, सीयूयू एजीजी सी या सात अक्षरांवर. ईएसटी३ आणि ओएझेड१ हे अजून दोन असेच. संदर्भातसुद्धा एबीपी१४० सुरुवातीला वायओआर२३९डब्ल्यू आणि वायओआर२४०डब्ल्यू असे दोन जीन म्हणून नोंदलेला होता, नंतर एक झाला. आम्ही जर अक्षर ‘दुरुस्त’ केलं असतं तर बरोबर जमिनीवर चुकीचा बांध घातला असता, आणि ती चूक आधीच्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर दुरुस्तीचा शिक्का असता. त्या दिवशी नियम केला की अनुक्रमाला हात लावायचा नाही, फक्त अ‍ॅनोटेशनला, आणि या जीनला नोंदीत रायबोसोम सरकण्याची जी अधिकृत खूण असते ती लावायची.

काय निष्पन्न झालं

पहिल्यांदा फाईल परत आली, काही जोडणीच्या जागा एका अक्षराने चुकलेल्या. दुसऱ्यांदा मान्य झाली. मुलीचं सबमिशन तोपर्यंत सव्वा महिना लांबलं, घरून तिच्यावर बरंच दडपण होतं, वडिलांना मी स्वतः फोन करून सांगितलं की पोरीचं काम रखडलेलं नाही, वाढलंय.

एक गोष्ट आम्हाला आधी माहीत नव्हती. जेनबँकमध्ये व्हर्जन नंबर अनुक्रम बदलला तरच वाढतो, नुसतं अ‍ॅनोटेशन बदललं तर नंबर तोच राहतो. म्हणजे ज्याने आधी फाईल उतरवून घेतली त्याला नंबर बघून काहीच कळणार नाही की आत काही बदललंय. म्हणून ज्यांना आम्ही स्वतः फाईल दिली होती त्यांना शोधून शोधून ईमेल केले, बदलांची यादी जोडून. एकाने लगेच उत्तर दिलं की त्यांचं अ‍ॅक्टिनचं झाड (वंशवृक्ष) का जुळत नव्हतं ते आता कळलं. बाकीच्यांकडे जुनीच फाईल असेल असं धरून चालायला लागेल.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी, घाई नसेल तर अ‍ॅनोटेशनशिवाय जमा करेन. करायचंच असेल तर जमा करायच्या आदल्या दिवशी वीस ओळखीचे जीन हाताने उघडून बघायचे, त्यात अ‍ॅक्टिन, चार-पाच रायबोसोमचे आणि एबीपी१४० असायलाच पाहिजेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि तेव्हा केलं असतं तर हे तीन महिने लागले नसते. जमा करण्याचं खातं लॅबच्या ईमेलवर ठेवायचं, मुलाच्या नाही, मुलं जातात आणि जायलाच पाहिजेत. आणि दादाला पहिला फोन मी तसा करायला नको होता, त्याचे आठ दिवस कसे गेले असतील हे मला नंतर त्याच्या आईकडून कळलं.

अनुक्रमाला हात न लावण्याचा निर्णय मात्र आजही बरोबर वाटतो. तसंच एसजीडीला लिहिण्याचा मोह टाळला तोही. एका जीनला आमच्या यीस्टमध्ये नेहमीच्या सुरुवातीच्या वर, त्याच चौकटीत, अजून एक एटीजी दिसतो, मुलीला वाटलं संदर्भाचीच सुरुवात चुकली असेल. पण संदर्भाच्या अनुक्रमात तो एटीजी नाहीच, मग ती त्यांची चूक कशी, तो दोन यीस्टमधला फरक आहे. आपलं यीस्ट खरोखर वरून सुरुवात करतं का हे रायबोसोम कुठे बसतो ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ती सोय आमच्याकडे नाही.

तो जीन आणि संदर्भाशी न जुळणारे अजून तीन आमच्या नोंदीत तसेच आहेत, पुढे ‘पुरावा अपुरा’ एवढी टीप लावून. यंदाच्या मोहाला ती मुलगी त्याच पाड्यावर परत गेली होती, या वेळी सहा मडक्यांतून नमुने आणलेत, आणि त्या चार जागा पहिल्यांदा तपासायच्या म्हणून तिने फ्रीजच्या दारावर लिहून चिकटवलंय.